वराहाच्या पोटाखाली

कळमन्याच्या बाजारात शालिकरामची नजर नावाजलेली होती. तुरीचा ढीग लांबून पाहून किती पोती भरतील ते तो सांगायचा आणि काट्यावर फारसा फरक पडायचा नाही. त्याच नजरेनं त्यानं वराहाच्या पोटाखालची जागा पाहिली, मग आपलं पोट पाहिलं आणि ठरवलं, आरपार निघतो.

आता तो कमरेशी अडकून पालथा पडला होता.

रामटेकच्या पुढे, धानाच्या बांध्या संपतात तिथल्या लहानशा देवळात हा दगडी वराह उभा आहे. लोक सांगतात, आठ-नऊशे वर्षांचा असेल. हिरण्याक्षानं पृथ्वी समुद्रात नेऊन बुडवली, तेव्हा विष्णूनं डुकराचं रूप घेऊन तिला सुळ्यावर उचलून वर आणलं, ती ही गोष्ट. अंगभर बोटाएवढे देव आणि ऋषी ओळीनं कोरलेले. सुळ्याला धरून पृथ्वी लोंबकळते, बाईच्या रूपात. मागच्या पायांमधून शिरायचं आणि सरपटत थेट तोंडाखालून बाहेर निघायचं, अशी इथली रीत. पापी माणूस अडकतो म्हणतात.

शालिकरामची बायको सुभद्रा दरवर्षी त्याखालून जायची. बाहेर येऊन लुगड्याची धूळ झटकत म्हणायची, पृथ्वी हासते, पण ते खालूनच दिसते, एकदा येऊन तं पाहा. शालिकराम म्हणायचा, चपला कोण राखणार? इतक्या वर्षांत त्या देवळातून एकही चप्पल चोरीला गेली नव्हती आणि ते आपल्यामुळेच, असं तो मनापासून मानायचा.

धंतोलीच्या दवाखान्यात शेवटी शेवटी ती एवढंच म्हणाली होती, "ते हासणं तुमी पाह्यलंच नाही."

ती गेल्यापासून डोळे मिटले की त्याला तिचा नाकात नळी घातलेला चेहराच दिसायचा. आधीचा चेहरा काही केल्या आठवेना. तिला आवडलेलं ते हसू पाहिलं तर तिचा चेहराही परत येईल, असं त्याला वाटू लागलं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून सुभद्राची धाकटी बहीण सिंधू, तिला त्यानं नवसाचं कारण सांगून सोबत आणलं होतं.

भोवती माणसं जमली. पुजाऱ्यानं तेल ओतायचं सुचवलं. एका म्हातारीनं विचारलं, पाप तरी काय केलं बाप्पा यानं? शालिकरामनं पडल्या पडल्या आठवून पाहिलं. ओली तूर कोरडी म्हणून खपवली होती, पण ती सगळेच खपवतात.

"पाप नाही अडकलं, भाऊजी," सिंधू म्हणाली. "तर्री-पोहे अडकून राहिले."

ते खरं होतं. बायको गेल्यावर माणूस वाळतो म्हणतात. हा सकाळी तर्री-पोहे, संध्याकाळी सांबारवडी असं बाहेरचं खाऊन दुःखात फुगला होता.

आलोच आहे तर काम उरकावं, म्हणून त्यानं मान वळवून वर पाहिलं. पृथ्वीचा सुळ्याला घट्ट धरलेला हात दिसला. कानातलं दिसलं, अंबाडा दिसला. चेहऱ्याच्या जागी नुसता सपाट दगड होता. नाक नाही, डोळे नाहीत, ओठ नाहीत. ही मोडतोड नवी नव्हती. तिच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर बसला होता.

"सिंधू, हिले तं तोंडच नाही वं."

सिंधू खाली वाकली. "मले माहीत आहे. ताईलेही माहीत होतं."

"मंग हासते म्हणून काहून सांगे?"

"तुमाले वाकवासाठी. तुमी चपला सोडून हालत नव्हते. दरवर्षी बाहेर आली का पदर तोंडात कोंबून हासे. तुमाले वाटे, नाम घेऊन राहिली."

शालिकरामला तो पदर आठवला. दगडाच्या सावलीतून निघालेली, केसांत जळमट अडकलेली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसू दाबणारी सुभद्रा. आणि समोर चपलांचा पहारेकरी, भक्तिभावानं तिच्याकडे पाहत उभा. नाकात नळी नव्हती. चेहरा पुरता दिसत होता.

त्याला हसू आलं. पोट आत घ्यायचं म्हणून मघापासून त्यानं श्वास भरून धरला होता, तो सगळा निघून गेला. हसता हसता तो रडायला लागला, हे म्हातारीच्या लक्षात आलं, पण तिनं न पाहिल्यासारखं केलं. पोट सैल पडलं, तसं पुजाऱ्यानं आणि सिंधूनं दोन्ही हात धरून त्याला ओढून काढलं. सदऱ्याची बटणं आतच राहिली.

पायऱ्यांशी एक जोडपं उभं होतं. बाई पदर खोचून तयार होती. नवरा म्हणत होता, तू जा, मी इथं थांबतो.

शालिकराम उघडा सदरा सावरत त्याच्याजवळ गेला.

"पृथ्वी हासते गा तिथं," तो म्हणाला. "पण खालूनच दिसते. जा, पाहून ये. चपला मी राखतो."