संगप्पांचा तम्मा

"पाणी मी उजव्या हातानं पितो, म्याडम. डाव्या हातानं पाणी पिलेलं बघितलंय का कुणी?"

संगप्पांनी टेबलावरचा रिकामा पेला माझ्याकडं सरकवला. त्यांचा डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत यंत्राच्या पट्ट्यांत होता. शेजारच्या पडद्यावर तसाच एक हात, तसाच एका बाजूला कललेला खांदा, तशीच शिवणयंत्रावर बसून बसून वाकलेली पाठ. अप्पांची मापं, स्नायूंची ताकद, सांध्यांचा ताठरपणा असं सगळं भरून संगणकात त्यांचा एक जुळा केलेला होता. कुठलीही हालचाल आधी त्या जुळ्याकडून करून घ्यायची, तो कुठं अडतो ते बघायचं, आणि यंत्रानं अप्पांच्या हाताला तिथं तेवढाच टेकू द्यायचा. लातूरच्या आमच्या केंद्रात उपचार असे चालायचे.

अप्पा त्याला तम्मा म्हणत. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. अप्पा निलंग्याचे, घरात अर्धं कानडी बोलणारे. शाळेचे गणवेश शिवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. एका सकाळी कापड मशीनखाली घालताना डावा हात पुढं सरकेचना. लकवा.

"तम्मा पितोय की," मी पडद्याकडं बोट दाखवलं. तिथल्या हातानं पेला ओठांपर्यंत नेला होता.

"त्याला तहान लागली असंल. मला न्हाई."

दुपारी स्टोअररूममध्ये मी माझ्या अक्षराला पाजत बसले होते. सासूबाई तिला त्या वेळेला आणून सोडायच्या. दार ढकलून गुरम्मा, अप्पांच्या पत्नी, आत आल्या. मी पदर सावरायला लागले.

"पाज, पाज. मला काय लाजतीस?" त्या खोक्यावर टेकल्या. अक्षराच्या तळपायावरून बोट फिरवत म्हणाल्या, "एक सांगू का पोरी? मी सांगितलं म्हणून ह्यांना कळू देऊ नको."

"सांगा की."

"पोटात काय जात न्हाई त्यांच्या. दोन घास खातेत नि ताट सारतेत. पूजा न्हाई ना होत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. अप्पा लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग चांदीच्या डबीतून काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, छातीसमोर धरायचं, त्यावर नजर लावायची, उजव्या हातानं भस्म, पाणी, बेल वाहायचं. हे झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, हा अप्पांचा लहानपणापासूनचा नेम. लकवा झाल्यापासून ती डबी उघडलीच नव्हती.

"मठातले स्वामी म्हणाले, आजारपणात मनातल्या मनात केली तरी चालती. तर हे म्हणतेत, स्वामींना चालत असंल." गुरम्मांचा आवाज बारीक झाला. "हातातून पडलं तर? त्याच भ्यानं उघडत न्हाईत. माणूस वाळून चाललाय बघ."

"अहो, मग पहिल्या दिवशी मी विचारलं होतं ना, हातानं काय काय करायचंय?"

"तू इचारलीस पेला, चमचा, बटन. देवाचं कसं सांगावं, दवाखान्यात?"

मी अक्षराचं तोंड पुसलं, तिला गुरम्मांच्या मांडीवर दिलं आणि बाहेर जाऊन पेल्याचा व्यायाम पुसून टाकला.

नवी हालचाल बसवायला दोन-तीन दिवस गेले. तळहात वर, छातीसमोर, स्थिर. त्यावर एक लहानसा गोल. मी ती तम्माला करायला लावली. त्याचं मनगट वळलं, थरथरलं आणि गोल खाली पडला.

अप्पांचा उजवा हात झटकन छातीवर गेला. शर्टाच्या आत डबी होती तिथं.

"बंद करा ते."

"अप्पा, नुसतं चित्र आहे. त्याच्या हातून कितीदा पडलं तरी काही बिघडत नाही."

त्यांनी छातीवरचा हात खाली घेतला. मग गुरम्मांकडं एकदा बघून हळूच म्हणाले, "पुन्हा पाडा बघू."

त्या दिवशी तम्मा पाडतच राहिला. संध्याकाळपर्यंत अप्पांची भीड चेपली. "अरे तम्मा, मनगट आत घे की! खामखा खांदा उडवायलास!" आणि त्याला रागावता रागावता पट्ट्यांच्या आत त्यांचं स्वतःचं मनगट वळत होतं. मी तम्माला पुन्हा पाडायला लावलं. मनगटाचं बोलले असते तर ते थांबलं असतं.

पुढं अप्पांच्या तळहातावर आम्ही दोऱ्याचं रीळ ठेवायला लागलो. ते पडायचं, टेबलाखाली पळायचं, गुरम्मा वाकून आणायच्या. हात तसा टिकायचा. पण बेल उचलायला उजवा हात पुढं गेला, की अंग कलायचं आणि तळहात उताणा राहायचा नाही. तेवढ्या क्षणाला यंत्र लागायचंच. यंत्र काढलं की तम्माही पाडायचा. हे मी अप्पांपासून लपवलं नाही. पडद्यावर दाखवलं, "हिरवं ते तुमचं बळ. हे निळं, ते मशीनचं."

अप्पांनी चष्मा पुसून निळं निरखलं. "मग पूजा माझी का मशीनची?"

गुरम्मा तडकल्या.

"आत्ता काय पुसलात? चष्मा. त्याच्याबिगर सुईत दोरा गेला का कधी तुमच्या? तवा कोण म्हणालं, ही चड्डी चष्म्यानं शिवली म्हणून?"

"तू गप बस."

पण मिशीत हसू होतं.

घरी न्यायला हलकं यंत्र मिळणार होतं. पहिली पूजा मात्र इथंच करायची ठरली. सोमवारी दोघं अंघोळ करून, उपाशीपोटी आले. मी कोपरा झाडून-पुसून ठेवला होता, चपला बाहेर काढल्या होत्या. अप्पा खुर्चीवर बसले, मी डाव्या हाताला पट्ट्या बांधल्या. मी पडदा बंद करायला गेले.

"असू द्या तम्माला. लई पाडलंय त्यानं माझ्या वाट्याचं."

गुरम्मा त्यांच्या पायाशी बसल्या आणि पदर दोन्ही हातांनी पसरून त्यांच्या तळहाताखाली धरला.

"हे काय करायलीस?"

"तुमची नजर तुम्ही वर लावा. खालचं माझ्याकडं हाय."

अप्पांनी उजव्या हातानं डबी उघडली. तळहातावर ते काळं, गुळगुळीत लिंग आलं. भस्म झालं, पाणी झालं. मग उजवा हात बेलाकडं गेला, अंग कललं, यंत्र बारीक आवाजात घुमलं. तळहात झुकला, सावरला. बेल वाहिला गेला, पण थरथरीनं पान सरकलं आणि खाली पदरात आलं.

लिंग जागच्या जागी होतं. अप्पांची नजर हलली नाही.

गुरम्मांनी वर न बघता ते पान पदराच्या टोकात घेतलं आणि हळूच गाठ मारली.