मागच्या दाराची खानावळ

लेकीच्या घरी पोचल्यावर पहिल्याच सकाळी चहासाठी पातेलं शोधायला मी ओट्याखालचं कपाट उघडलं. तवा, कढई, पातेली, सगळं नीट रचून ठेवलेलं. तवा उलटा करून पाहिला तर बुडाला दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली. कढईचंही तेच. पोरगी परदेशात एकटी राहायला लागून दोन वर्षं होत आली आणि तिच्या कढईला अजून आच लागली नव्हती.

मी चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि तवा होता तिथे ठेवला. पण तेव्हापासून पायांना जी भिंगरी लागली ती काही थांबेना.

मी जन्मभर लग्नकार्यातला आचारी. ठकी आमची धाकटी. शाळेत घातलेलं तिचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण घरात ती ठकीच. इथल्या कंपनीने तिला कायमची नोकरी देऊ केली होती. सोमवारी सही करायची, नाहीतर सामान बांधून परत यायचं. तिने फोनवर म्हटलं होतं, आप्पा, तुम्ही दोघं चार दिवस येऊन बघून जा, तुम्ही म्हणाल तसं करीन. तिच्या आईचं उत्तर विमानात बसायच्या आधीच तयार होतं, घरी चल. माझं तयार नव्हतं. आणि आमचं परतीचं विमानही सोमवारी सकाळचंच होतं.

तिचं काम मला कळत नाही. ती काचेसमोर बसते, बोटं चालवते आणि त्याचे तिला पैसे मिळतात, एवढंच ठाऊक. उंच इमारती बघून एखाद्या गावाबद्दल मला काही कळेल, असंही नाही. मला कळतं ते एवढंच, की माणूस रोज काय खातो आणि कुणाच्या हातचं खातो. म्हणून मी तिला विचारलं, तू जेवतेस कुठे. म्हणाली, ऑफिसजवळ मिळतं, इथलं जेवण छान असतं. म्हटलं, मग आम्हालाही तिथेच ने. तर म्हणे तुम्हाला नाही आवडायचं. काय असतं जेवणात, असं विचारलं तर म्हणे असंच काहीतरी. ताकास तूर लागू देईना. बोलताना तिचं मनगटावरचं घड्याळ घसरून पार कोपराकडे जात होतं.

त्या रात्री तिने आम्हाला आपल्याकडच्या जेवणाच्या हॉटेलात नेलं. भिंतीवर हत्ती, छताला झालर. भाज्या वेगवेगळ्या आल्या, पण रस्सा सगळ्यांत एकच. तिच्या आईला बरं वाटावं म्हणून मी दोनदा मान डोलावली. दुसऱ्या दिवशी दुपारी एका मोठ्या चौकातल्या हॉटेलात गेलो. दाराशी जेवणाची रंगीत चित्रं टांगलेली आणि एक माणूस रस्त्यावरच्यांना हाका मारून आत घेत होता. पहिल्या घासालाच माझं मन उडालं. हात धुतो म्हणून उठलो आणि इमारतीला वळसा घालून मागे गेलो.

ही माझी कामाची सवय. आमचे वस्ताद सांगायचे, जेवणारा तोंडावर छानच म्हणतो. तू मोरीपाशी जाऊन उभा राहा आणि परत आलेली ताटं बघ. पहिली पंगत उठली की मी खरकटं बघून यायचो. कोणती भाजी टाकलीय, भात किती उरलाय, ते बघून दुसऱ्या पंगतीला हात फिरवायचा. या हॉटेलमागची पिंपं तर ओसंडून वाहत होती. एकच घास घेतलेले पाव, अख्खे बटाटे. मी वाकून बघत असताना ठकीची आई शोधत आली.

"अहो, काय हे? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. आपल्याला कुठं कळणार आहे?"

तिने मला कोपराला धरून आत आणलं. ठकी ताटात काटा फिरवत बसली होती. तिचंही ताट पिंपातच जाणार होतं, हे मला उठायच्या आधीच दिसलं होतं.

शनिवारी ठकीला अर्धा दिवस काम होतं. तिची आई पांघरूण घेऊन पडली. मी आपला या खिडकीतून त्या खिडकीत. शेवटी तिनेच पांघरुणातून आवाज दिला, की फिरून या एकदाचे, माझी झोप तरी मोडू नका. ठकीने माझ्यासाठी कोट आणून ठेवला होता. तो मला दोन माप मोठा होता, हात बाहीतच राहायचे. डोक्याला लोकरीची टोपी घातली. दाढीचं पातं विमानतळावर काढून घेतलं होतं, त्यामुळे खुंट वाढलेले. घराचा पत्ता खिशात घातला आणि निघालो.

मोठे रस्ते सोडून मी मागच्या बोळांतून हिंडत राहिलो. जेवणाची वेळ होती. जिथे भांडी वाजत होती तिथे थांबायचं, नाक वर करायचं, पिंपात डोकावायचं आणि पुढे जायचं. एका ठिकाणी तेल इतकं जळकं होतं की मी नाकाला रुमाल लावला. दुसऱ्या ठिकाणी सगळं डब्यातूनच काढत होते, रिकाम्या डब्यांचा ढीग पडला होता. पाय दुखायला लागले, पण बसवेना. डोक्यात सारखं तेच. सोमवारी पोरीला काय सांगायचं?

मग एका धोब्याच्या दुकानाला लागून एक अरुंद दार दिसलं. अर्धं उघडं, आतून वाफ येत होती. त्या वाफेला कांदा मंद आचेवर दमादमाने परतल्याचा वास होता. घाई करणाऱ्या माणसाला तो साधत नाही. दाराशी एक छोटं पिंप होतं. झाकण उचललं तर आत कांद्याची सालं, अंड्यांची टरफलं, भाज्यांचे देठ. ताटातलं उष्टं शीतभरही नाही. मला विश्वास बसेना. देठांखाली काही दडलंय का, म्हणून मी आत हात घालून चाळवलं.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. माझ्याच वयाची, कमरेला फडकं, गाल चुलीच्या धगीने लाल. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी हात झटकून सरळ उभा राहिलो. मला वाटलं, आता ओरडणार. पण तिने मला बाहीला धरून आत ओढलं, हात धुवायला लावले, चुलीशेजारच्या बाकावर बसवलं आणि पुढ्यात मोठा वाडगा ठेवला. जाड दाण्यांचा रस्सा, त्यात कसलीशी कंदाची भाजी, वर हिरवा पाला. बाजूला गरम पावाचा तुकडा.

पहिला घास घेतला आणि मी मान खाली घालून खातच राहिलो. दाणा अख्खा, पण जिभेने दाबला की विरघळत होता. तिखट नावाला नाही, तरी अळणी लागेना. मी तिच्या पातेल्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि हवेत उलथनं फिरवून दाखवलं, की बाई, मीही यातलाच. तिने मान हलवली आणि आणखी एक पळी वाढली. मला धन्य वाटलं. भाषा येत नसली तरी एका आचाऱ्याने दुसऱ्याला ओळखलं. पैसे देऊ लागलो तर तिने माझी मूठ मिटवली. निघताना एक पाव कागदात गुंडाळून दिला आणि खुंटीवरचा जुना लोकरी मफलर काढून माझ्या गळ्याभोवती गुंडाळला. मफलर कशाला, ते कळलं नाही, पण मानाची गोष्ट नाकारायची कशी?

घरी येऊन मी सगळं रंगवून सांगितलं. ठकीची आई म्हणाली, "दारातूनच ओळखलं तिने? कपाळावर उलथनं गोंदलंय वाटतं तुमच्या." ठकी मात्र हसली नाही. तिने मफलर हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि खानावळ कुठे होती ते विचारलं. धोब्याचं दुकान म्हटल्यावर मफलरची घडी घालत राहिली.

रविवारी मी दोघींना घेऊन गेलो, या खेपेला पुढच्या दाराने. आत एकच लांब टेबल, दोन्हीकडून बाकडी. ओळखीची-अनोळखी सगळी माणसं खांद्याला खांदा लावून जेवत होती. ठकी उंबऱ्याशीच थबकली. बाईने मला पाहिलं आणि पळी हातात घेऊनच बाहेर आली. ठकीशी ती भराभरा बोलायला लागली, आवाज चढत गेला. ठकी आधी लाल झाली, मग मान खाली घालून ऐकत राहिली. काय म्हणतेय, असं मी विचारलं. ठकीने पायाकडे बघतच सांगितलं.

"ती विचारतेय, म्हाताऱ्या बापाला कचऱ्यात अन्न शोधायला लावताना तुला लाज कशी वाटत नाही."

ठकीच्या आईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, ते अजून ती मला सांगत नाही. माझे कान तापले. मग ठकीने बाईला सगळं समजावलं, माझा धंदा, वस्ताद, खरकटं बघायची सवय. बाई आधी डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली आणि मग टेबलावर हात आपटून हसली. तिने टेबलावरच्या बाकीच्यांनाही सांगितलं. सगळी मंडळी माझ्याकडे वळून वळून हसली. मीही हसलो. दुसरं करणार काय? मफलर काढून द्यायला लागलो तर तो तिने घेतला नाही.

हसणं ओसरल्यावर तिचं लक्ष ठकीच्या मनगटाकडे गेलं. तिने बोटांनी ते मनगट धरलं आणि काहीतरी हळू विचारलं. ठकीने उत्तर दिलं. मग माझ्याकडे न बघताच मला म्हणाली, "आप्पा, माझा बसथांबा या दारासमोरच आहे. रोज संध्याकाळी इथे वास येतो. पण सगळे एकत्र बसतात, बोलतात. एकटीने आत कसं शिरायचं? मी घरी जाऊन पाकीट फोडते आणि ओट्यापाशी उभ्यानेच खाते."

बाईने दोन माणसांना सरकवून तिला मध्ये बसवलं. आम्हाला समोर जागा दिली. ठकीच्या शेजारी एक म्हातारा होता, तो तिला काहीबाही विचारत राहिला. ती उत्तरं देत होती, मध्येच हसत होती. इतक्या दिवसांत आमच्याशी बोलली नव्हती तेवढं तिथे बोलली. पण माझा डोळा तिच्या वाडग्यावर. घास कमी, बोलणं जास्त. मला बसवेना. मी उठलो आणि बाईला खूण करून आत मोरीपाशी जाऊन उभा राहिलो.

वाडगे येऊ लागले. पावाने पुसून घेतल्यासारखे स्वच्छ. मग ठकीचा आला, निम्मा भरलेला. एवढं चांगलं अन्न, एवढी माणसं, तरी पोरीच्या पोटात निम्मंच. आता बाहेर जायचं आणि सांगायचं, घरी चल, असं मी मनाशी पक्कं केलं.

बाईने वाडगा उचलला. ती पिंपाकडे वळली नाही. तिने फळीवरून झाकणाचा एक डबा काढला, उरलेलं त्यात ओतलं. फळीवर तसलेच डबे ओळीने लावलेले होते, प्रत्येकाच्या झाकणावर पांढरी पट्टी आणि तिच्यावर काही अक्षरं, नावंच असावीत. मी त्या डब्यांकडे बघत राहिलो. म्हणजे इथे लोक टाकत नव्हते असं नाही. त्यांचं उरलेलं ती ठेवून देत होती आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच गरम करून वाढत होती. पिंपात उष्टं नव्हतं ते त्यामुळे. वस्तादांनी शिकवलेलं इथे पार तोंडघशी पडलं होतं.

ती डबा आणि काळं पेन घेऊन बाहेर गेली. मी मागोमाग.

"आप्पा," ठकी म्हणाली, "झाकणावर नाव काय लिहू म्हणून विचारतेय. उद्या दुपारी ये म्हणते."

"मग सांग की."

तिने शाळेतलं भारदस्त नाव सांगितलं नाही. ठकी असंच सांगितलं. बाईला ठ काही जमेना. दोन-तीनदा तिने तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिला, टेबलावरच्या म्हाताऱ्यानेही पाहिला. शेवटी तिला जसं आलं तसं तिने आपल्या अक्षरांत लिहिलं आणि डबा फळीवर नेऊन ठेवला.

सोमवारी विमानतळावर सामान देऊन झालं. ठकीच्या आईने दोनदा माझ्याकडे पाहिलं. शेवटी ठकीनेच विचारलं, सही करू की नको.

"कर," मी म्हटलं. "पण उपाशीपोटी नको. आधी जाऊन तुझा डबा खा, मग कर."

ठकीच्या आईने पोरीच्या हातावरचं घड्याळ काढलं, पट्टा आणखी आवळून परत बांधलं आणि आम्ही आत गेलो.

विमानात मी कमरेचा पट्टा बांधायचो, सोडायचो. तिकडे दुपार झाली असेल का, ते कळेना. बस चुकली असेल, कामात अडकली असेल, दाराशी येऊन पुन्हा थबकली असेल. जेवणाचं ताट पुढ्यात आलं. वरचा कागद उघडून मी परत झाकला.

"खाल्लं असेल का गं तिने?"

"आधी तुम्ही खा," असं म्हणून ठकीच्या आईने माझ्या ताटावरचा कागद काढला. मग खिडकीकडे तोंड करून बसली. तिचं स्वतःचं ताट तसंच झाकलेलं होतं.