पाच इंच आखूड चादर

मित्रांनो, मिनेसोटातल्या एका घराच्या तळघरात, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी जी हिरवी पत्र्याची ट्रंक पडून असायची, ती मीच. माझं वय विचारू नका. एका सैनिकाबरोबर मी समुद्र ओलांडला आणि त्याच्याबरोबर सुखरूप परतले. तेव्हा माझ्या भक्कम कडीचं फार कौतुक व्हायचं. पुढे मी त्याच्या मुलीकडे, डोरीनकडे आले. तिने माझ्यात स्वेटर ठेवले. डांबरगोळ्यांच्या वासात माझी कित्येक वर्षं निवांत गेली.

मग तिचा थोरला मुलगा वेंडेल कॉलेजच्या वसतिगृहात राहायला निघाला. डोरीनने मला पुसून लख्ख केलं. टेबलावरचा दिवा, टॉवेल, लोकरीचे मोजे आणि कोपऱ्यांना रबर लावलेली एक कोरी निळी चादर, सगळं तिने स्वतः भरलं.

"प्रत्येक वस्तूवर नाव घाल रे बाबा. तिथे धुवायला टाकलेला कपडा परत मिळेलच असं नाही."

"हो गं आई! तुझं चाललं असतं तर तू माझ्या कपाळावरही नाव घातलं असतंस."

पहिल्याच दिवशी फजिती झाली. वसतिगृहातली गादी घरच्या एकेरी गादीपेक्षा पाच इंच लांब असते. हे आधी एखादं पोर धाडलेल्यालाच ठाऊक. डोरीनचं तर हे पहिलंच. चादरीचा एक कोपरा बसवला की समोरचा सटकन निघायचा. वेंडेल पोट धरून हसला. त्याच आठवड्यात त्याने जुन्या सामानाच्या दुकानातून एक लांब राखाडी चादर आणली, तिच्यावर नाव घातलं आणि निळी माझ्यात ठेवून दिली.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी तो माझ्यावर येऊन बसला. माझ्या कडीशी चाळा करत राहिला. मग त्याने घरी फोन लावला.

"आई, ती चादर आखूड पडते गं. आज येतो, दुसरी घेऊन जाईन."

"ये की. पण रस्त्यावर बर्फ आहे, सावकाश ये."

तो निघाला. घरी पोचलाच नाही. वाटेत बर्फावरून त्याची गाडी घसरली.

खोलीतल्या मित्राने त्याचं सामान माझ्यात भरून मला घरी पाठवलं. सहा वर्षं मला कोणी उघडलं नाही. डोरीन कपडे धुवायला खाली यायची, माझ्या झाकणावर हात ठेवायची आणि पुटपुटायची, "पाच इंच कापडापायी गेला माझा पोर. मीच चुकीची चादर दिली." खरं काय ते मला ठाऊक होतं. पण पत्र्याला जीभ कुठली? कडाक्याच्या थंडीत माझा पत्रा आकसला की आतून टक् आवाज व्हायचा. डोरीन दचकायची. "वेंडेल?" अशी हाक मारायची आणि उत्तराची वाट बघत उभी राहायची. मला फार वाईट वाटायचं.

या ऑगस्टमध्ये धाकटी थिया कॉलेजला निघाली. म्हणजे निघायची होती. उद्यावर जाणं आलं तरी डोरीन तिला एक मोजासुद्धा भरू देईना. "दिवा राहू दे. चादर तर नकोच. इथूनच जाऊन-येऊन शिकता येईल असं कॉलेज बघ ना."

शेवटी थिया तरातरा तळघरात उतरली. "मला दादाची ट्रंक हवी."

"हात लावू नकोस तिला!" डोरीन मागून ओरडली.

"आई, तो गेला. मी आहे ना अजून? मला तरी नीट धाड."

डोरीन शेवटच्या पायरीवरच थांबली. थियाने माझी कडी काढली. वरच निळी चादर होती, अजून कोरीच. खाली राखाडी. थियाने ती झटकून पसरली.

"आई, ही लांबीला पुरती आहे. नाव दादाचंच आहे. धुऊन धुऊन शाई फिकी झालीय, बघ."

डोरीनने चादर हातात घेतली. "म्हणजे होती त्याच्याकडे? मग कशाला येत होता?"

"तुझी आठवण आली असणार. तसं बोलायला लाजला असेल. तो कसा होता ते तुला माहीत नाही का?"

डोरीन माझ्यावर डोकं टेकून हमसाहमशी रडली. मग नाक पुसून म्हणाली, "लबाड कुठला! खरं सांगितलं असतंस तर मीच आले असते रे." तिने शाईचं पेन मागवलं आणि वेंडेलच्या नावाखाली थियाचं नाव घातलं. ती चादर तिने स्वतःच्या हाताने माझ्यात ठेवली.

मित्रांनो, गेलेल्या माणसाचं सामान जपा, पण कड्या लावून नका ठेवू. आम्हाला बरंच ठाऊक असतं. फक्त उघडावं लागतं.

आता मी थियाच्या खाटेच्या पायथ्याशी आहे. परवा इथे पहिला बर्फ पडला आणि माझा पत्रा टक् करून वाजला. थिया माझ्यावर येऊन बसली आणि तिने घरी फोन लावला.

"काही नको आहे गं आई. नुसती आठवण आली."

"तू तिथेच थांब बाळा," डोरीन म्हणाली. "रस्ता मोकळा झाला की मीच येते."