तांब्याची टोपी आणि तिसापर्यंतचे पाढे

धक्क्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. जाळी आणि बर्फाच्या पेट्या बाजूला सारून माणसं दाटीवाटीनं उभी होती. मधोमध एका स्टुलावर पांढऱ्या फडक्यात कोणा एका बोटीचं नवं दिशायंत्र ठेवलं होतं. एवढासा डबा, त्याला तळहाताएवढा पडदा आणि वायरीच्या टोकाला वाटीएवढा अँटेना. आपण समुद्रात नेमके कुठं आहोत, हे हा डबा आकाशातल्या उपग्रहांचं ऐकून अंकांत सांगतो. या डब्याचा पडदा मात्र कोरा होता.

"यंत्र मेलेलं आलंय," थोड्या दिवसांपूर्वी बंदरात आलेला दिशाबाबा डोळे मिटून म्हणाला. "कारखान्यात शरीर बनतं रे बाळांनो, जीव कोण घालणार? कोणी हात लावायचा नाही. सावली पाडायची नाही. आकाश आणि यंत्र यांच्या मधे कोणी यायचं नाही."

मग घंटा आणि पुटपुट. बाबा काय म्हणत होता ते त्याचं त्याला तरी कळत होतं की नाही, कोण जाणे. पाव तासानं पडद्यावर अंक उमटले आणि शंभरेक हात जोडले गेले. बाबानं अँटेनावर तांब्याची छोटी टोपी घट्ट बसवली, आलेला जीव उडून जाऊ नये म्हणून. डबा टिंटिं करायला लागला.

"रडतंय. जन्मलेलं मूल रडणारच." बाबाच्या शिष्यानं पुढे होऊन एक बटण दाबलं आणि रडणं थांबलं. "बघा, शांत झालं. अंक कसे स्थिर आहेत."

मागे उभ्या असलेल्या रेडिओवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षं ती याच बंदरात रेडिओ आणि असली यंत्रं दुरुस्त करत होती. नवा डबा घेणाऱ्या प्रत्येकाला तिनं बजावलं होतं, की डबा लांबून आलाय, त्याची पाटी कोरी आहे. पहिल्यांदा उघड्या आकाशाखाली ठेवा, चालू करा आणि पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका. ऐकतो कोण? लोक अँटेना केबिनमध्ये, पत्र्याखाली, स्टोव्हशेजारी टांगायचे. चार मिनिटांत कंटाळायचे, बंद करून पुन्हा चालू करायचे, की डब्याची उपग्रह शोधण्याची खटपट पहिल्यापासून. मग तिच्याशीच येऊन भांडायचे. तिनं फुकट सांगितलं ते पालथ्या घड्यावर पाणी, आणि तेच यानं घंटा वाजवून सांगितलं की ब्रह्मवाक्य.

एवढ्यावर भागलं असतं तर ती मुकाट दुकानात गेली असती. तिला खुपत होती ती टोपी. मागच्या आठवड्यात बर्फवाल्याच्या भावाची बोट असली टोपी घालून गेली. खोल समुद्रातसुद्धा पडदा सांगत होता, की तुम्ही धक्क्यावरच आहात. दीड दिवस ती माणसं धुक्यात गोल गोल फिरली आणि डिझेलच्या शेवटच्या डब्यावर कशीबशी परत आली. बाबा म्हणाला, कोणीतरी टोपीला उष्टा हात लावला असणार.

आणि आता पुढचा नंबर तिच्या सख्ख्या मोठ्या भावाचा होता. दादा पहाटे निघणार होता. चार दिवस धुकं हटलं नव्हतं, आणि बंदराच्या तोंडाशी खडकांची रांग होती. ते अंक खोटे निघाले तर दादा घरी येणार नव्हता, इतका साधा हिशेब होता.

तिनं गर्दीत घुसून दादाचा दंड धरला. "तो डबा माझ्याकडे दे."

"सगळ्यांसमोर तमाशा नको," दादा हळू आवाजात म्हणाला. "तुझं खरं असेलही. पण त्यांच्या हातून चालू होतं आणि माझ्या हातून होत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय."

"तू किती वेळ थांबलास?"

"थांबलो की."

"किती?"

"चहा उकळेपर्यंत," वहिनी मधेच म्हणाली. "मग शिव्या घालून बंद केला. तीन वेळा. मी तिथंच होते." दादानं तिच्याकडे रागानं पाहिलं, पण ती हटली नाही. "अहो, पाव तास द्या वन्संना. उद्या समुद्रावर तुम्ही जाणार आहात, बाबा नाही."

दादानं डबा दिला. रेडिओवालीनं तो दुसऱ्या स्टुलावर ठेवला, चालू केला आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली.

बाबा हसला. "मंत्राशिवाय? बरं, मंत्र तरी कुठला येतो?"

"शाळेत शिकवला तेवढाच येतो," ती म्हणाली, आणि खणखणीत आवाजात तिनं सुरू केलं. "बे एके बे, बे दुणे चार."

लोक फिदीफिदी हसले. बाराच्या पाढ्याला हसणं थांबलं. एकोणीसच्या पाढ्याला मागून कोणीतरी तिची चूक काढली, तीही तिनं मुकाट्यानं सुधारली. सत्तावीसचा पाढा निम्म्यावर आला आणि पडद्यावर अंक उमटले. कोणी हात जोडले नाहीत. पाढ्यांना हात कसे जोडायचे, हे कोणालाच माहीत नव्हतं.

"आता तुमची टोपी द्या," ती म्हणाली. दादाच्या डब्यासाठी आणलेली टोपी बाबा देईना, तेव्हा बर्फवाल्यानं ती त्याच्या हातातून काढूनच घेतली. तिनं टोपी अँटेनावर बसवताच डबा टिंटिं करायला लागला. "हे रडणं नव्हे. तांब्याआडून आकाश ऐकू येत नाही म्हणून डबा बोंबलतोय. शिष्य बटण दाबतो ते त्याचं तोंड बंद करायला. दादा, धक्क्याच्या टोकापर्यंत चालत जा आणि अंक मोठ्यानं वाच."

डबा बॅटरीसकट छातीशी धरून दादा निघाला. पन्नास पावलांवर त्यानं अंक वाचले. शंभरावर तेच वाचले. दोनशेवर पुन्हा तेच वाचताना त्याचा आवाज खाली आला.

"धक्क्याला बांधलेल्या बोटीचे अंक हलत नाहीतच," ती लोकांना म्हणाली. "म्हणून इथं कळत नाही. हे शेवटचे अंक आहेत, गोठलेले. समुद्रात गेलात तरी हेच दिसणार."

"माझ्या भावाला हेच दिसलं," बर्फवाला म्हणाला.

तिनं हाक मारून दादाला टोपी काढायला सांगितली. थोड्या वेळात टिंटिं थांबलं, आणि येताना दर दहा पावलांवर दादा नवा अंक वाचत आला. तो थेट बाबासमोर उभा राहिला.

"पहाटे निघतोय. ही टोपी घालू आणि तुम्ही पुढं बसा. चला."

बाबाला नेमकं तेव्हाच आठवलं, की उद्यापासून त्याचं मौन आहे. दुपारपर्यंत गुरू-शिष्यांनी गाशा गुंडाळला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातल्या रेडिओवर दादाचा आवाज आला. "खडक ओलांडले. धुक्यात हात दिसत नाही, पण अंक पळतायत. तुझ्या वहिनीला सांग." तिनं डोळे पुसले आणि पुढ्यातलं काम ओढलं. मनात म्हणाली, सुटलो एकदाचे.

कसलं सुटलो. तासाभरात एक म्हातारा बोटवाला नवा डबा घेऊन हजर.

"ताई, एवढा चालू करून दे. पण पाढे तिसापर्यंत पुरे म्हण हं. मधे सोडू नकोस, बाधतं म्हणतात."

तिनं कपाळाला हात लावला. काय करावं या माणसांना? घसा फुटेस्तोवर सांगावं, आणि यांनी त्याचीही पोथी करावी. तिनं डबा बाहेरच्या कठड्यावर ठेवला, चालू केला, म्हाताऱ्याला शेजारी बसवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. दोघं गप्प बसून राहिले. म्हातारा दोनदा चुळबुळला, दोनदा तिनं त्याचा हात मागे ओढला. सोळाव्या मिनिटाला अंक आले.

म्हातारा ताडकन उठला आणि डब्याकडे, मग तिच्याकडे बघत राहिला. "तू तर काहीच म्हटलं नाहीस."

"नाही."

"मग आलं कसं?"

"हाच प्रश्न, काका," ती म्हणाली. "हा एवढा प्रश्न पहिल्याच दिवशी एकानं जरी विचारला असता, तर ती बोट दीड दिवस धुक्यात भटकली नसती. आता बसा. कसं आलं ते सांगते, आणि नाही पटलं तर मलाही विचारा."

म्हातारा बसला.