क्लिप संपेपर्यंत

उत्तम कुणालाही मारायचा तो उजेडात. अंधाराची त्याला भीती होती अशातला भाग नव्हता, पण त्या काळच्या फोनचा कॅमेरा अंधारात नुसता काळा पडदा दाखवायचा, आणि जे कुणाला दिसणार नाही ते मारून फायदा काय, असं त्याचं सरळ गणित होतं. भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीमागच्या खोल्या असोत की वरसाव्याकडच्या जमिनी, बिल्डरला जागा रिकामी करून हवी असली की काम उत्तमकडे यायचं. उत्तम सगळ्या वस्तीशी भांडत बसायचा नाही. एकाला हेरायचा, भरदिवसा झोडायचा, आणि त्याची क्लिप पानाच्या गादीवर, रिक्षा स्टँडवर, सलूनमध्ये ब्लूटूथने सोडून द्यायचा. एक-दोन दिवसांत ती वस्तीतल्या खिशाखिशात पोचायची. मग बाकीचे आपोआप सुतासारखे सरळ व्हायचे आणि सामान बांधायला घ्यायचे.

ही क्लिप काढायचं काम परागचं.

पराग काही जन्माचा गुंड नव्हे. आईवडिलांनी गिरगावातली खोली विकून मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कात फ्लॅट घेतला तेव्हा तो कॉलेजात होता. पुढे बी.कॉम. झाला, एका कुरियर कंपनीच्या ऑफिसात टेबलखुर्चीवर बसला, लग्न झालं, मुलगी झाली, आणि मग कंपनी बुडाली. हातात उरला तो एक स्मार्टफोन, नोकरीच्या जोरावर हौसेने घेतलेला. तसा फोन तेव्हा अख्ख्या मीरा रोडला मोजक्याच लोकांकडे असेल. उत्तमने तो चहाच्या टपरीवर पाहिला आणि फोनसकट माणूसही ठेवून घेतला. बायकोला, निशिगंधाला, परागने सांगितलं की बिल्डरकडे साइटवर शूटिंग करायचं काम लागलंय. खोटं बोलायचंच तर ते असं बोलावं, की उद्या कुणी पकडलं तरी शब्द फिरवावा लागू नये.

पहिलं काम वरसाव्याला झालं. एका माणसाने झोपडं सोडायला नकार दिला होता. उत्तमचा जितेंद्र नावाचा एक आडदांड साथीदार होता, त्याने त्या माणसाचे हात मागे पिरगाळून धरले आणि उत्तमने लोखंडी पाइपने पायांपासून सुरुवात केली. नडगीचं हाड मोडताना जो आवाज होतो तो परागने तेव्हा पहिल्यांदा ऐकला. माणूस ओरडत होता, खाली बसायला बघत होता, आणि जितेंद्र त्याला केसांना धरून पुन्हा उभा करत होता. तेवढ्यात फोनवर पाटी आली की मेमरी संपली आहे, काहीतरी डिलीट करा. रेकॉर्डिंग बंद पडलं. परागने तेवढंच सांगितलं, "भाई, मेमरी फुल झाली."

उत्तमने वर उचललेला पाइप खाली घेतला. बाहीने कपाळ पुसलं आणि तो जिना उतरावा तसा शांतपणे टेकाड उतरून गाडीकडे गेला. उगाच घाम कोण गाळणार? तो माणूस एका मोडक्या पायावर सुटला.

परागच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. फोनची मेमरी कमी पडते म्हणून सगळं जग कुरकुरत होतं आणि त्यावर इलाज शोधत होतं. ह्या पठ्ठ्याने तोच दोष जिवापाड जपायला घेतला. मुलीचे एकसारखे ढीगभर फोटो, आरत्या, गाणी, रिंगटोन, जे मिळेल ते त्याने फोनमध्ये कोंबलं. फोन इतका सुस्त झाला की कॉल वाजून बंद व्हायचा आणि मग स्क्रीनवर नाव उमटायचं. निशिगंधा वैतागायची, त्यातलं थोडं काढून टाक म्हणून मागे लागायची. पराग हसून वेळ मारून न्यायचा. पुढे पुढे तर तो एवढीही वाट बघेनासा झाला. मार डोक्याच्या दिशेने सरकायला लागला की स्वतःच बटण दाबायचा आणि मेमरी फुल झाल्याचं सांगायचा. उत्तम शिवी हासडायचा, पण थांबायचा.

हळूहळू परागची छाती फुगायला लागली. आपण ह्या लोकांत आहोत म्हणून माणसं जिवंत घरी जातायत, असं त्याला मनापासून वाटायचं. दुसरा कुणी कॅमेऱ्यामागे असता तर किती जण मेले असते, ह्याचा तो मनाशी हिशेब मांडायचा, आणि हिशेबाअंती स्वतःवर खूश व्हायचा. देवाने आपल्याला इथे नेमलंय, इथवर त्याची मजल गेली होती.

आता एक गोष्ट तो ह्या हिशेबात धरत नसे. इंद्रलोकच्या मागे एका म्हाताऱ्याने मार खाता खाता त्याच्या तोंडावर थुंकून, पिक्चर काढतोस काय भाडखाऊ, असं विचारलं होतं. त्या दिवशी परागचं बोट बटणाकडे गेलं नाही. फोन आपणहून बंद पडेपर्यंत त्याने क्लिप चालू ठेवली. म्हाताऱ्याचा जबडा त्या दिवशी कायमचा वाकडा झाला.

उत्तम मात्र ह्या अर्ध्यामुर्ध्या क्लिपांना कंटाळला होता. ऐन रंगात आलं की पडदा पडतो, अशी त्याची तक्रार. एक दिवस त्याने परागला धरून भाईंदर स्टेशनजवळच्या मोबाइलच्या दुकानात नेलं. दुकानदाराने फोन हातात घेऊन दोन बटणं दाबली आणि कपाळाला हात लावला. "इतने दिन ऐसे ही चलाया? कार्ड डालो ना भाई, फोन हलका हो जायेगा." त्याने नखाएवढं मेमरी कार्ड काढलं. परागने होते नव्हते ते सगळे आक्षेप घेतले. कार्डाने फोन तापतो म्हणाला, व्हायरस येतो म्हणाला, बॅटरी उतरते म्हणाला. दुकानदार त्याच्याकडे बघून नुसता हसला. फोटो, गाणी, व्हिडिओ सगळं त्याने कार्डावर हलवलं, पुढचं शूटिंग थेट कार्डावरच उतरेल अशी सोय करून दिली, आणि फोन नवा कोरा असल्यासारखा पळायला लागला.

तेवढ्यात त्याच फोनवर निशिगंधाचा कॉल आला. कॉल पहिल्या रिंगला उचलला गेला ह्याचंच तिला कोण कौतुक. फूटपाथवर उभं राहून पराग तिच्याशी बोलला, परत येऊन त्याने फोन काउंटरवर ठेवला आणि समोरच्या टपरीवर सिगारेट ओढायला गेला. तिथून त्याला दिसलं की उत्तम आणि दुकानदार त्याच फोनवर डोकं खुपसून काहीतरी बोलतायत. परागने तिकडे लक्ष दिलं नाही. उत्तम म्हणजे साधा मेसेज दुसऱ्याकडून वाचून घेणारा माणूस, त्याला फोनमधलं काय कळणार? मेमरी फुल म्हटलं की झालं, कार्ड असो नाहीतर नसो.

त्याच आठवड्यात रेनॉल्डचं नाव निघालं.

उत्तनला समुद्रासमोरची एक मोकळी जागा होती, जिथे गावातले लोक बांबूंवर बोंबील वाळवायचे. बिल्डरला ती हवी होती. काही घरं विकायला तयार होती, काही डळमळत होती, आणि रेनॉल्ड नावाचा मच्छीमाराचा मुलगा सगळ्यांना धरून ठेवत होता. जितेंद्र दम द्यायला गेला तेव्हा रेनॉल्डने वल्ह्याने त्याचे पुढचे दात पाडले. उत्तमने ठरवलं की आता पूर्ण पिक्चर ह्याचाच काढायचा.

कुरियर कंपनीत रेनॉल्डची खुर्ची त्याच्या शेजारी होती. दुपारी दोघं एका डब्यात जेवायचे. नोकरी गेल्यावर रेनॉल्ड बापाच्या होडीवर परतला, पण त्याची आई अजून निशिगंधासाठी सुका जवळा आणि बोंबील पाठवायची. परागने फोन काढला, रेनॉल्डचं नाव शोधलं. एक कॉल केला असता तर काम झालं असतं. पण तुला कसं माहीत, असं त्याने विचारलं तर सांगायचं काय? आणि मग त्याला आपली नेहमीची समजूत आठवली. मी तिथे असणारच आहे. दोन फटके होऊ देईन, बटण दाबीन, विषय संपला. मांजर डोळे मिटून दूध पितं ते ह्यापेक्षा वेगळं नसतं. परागने फोन खिशात ठेवला.

घोडबंदर रोडला एक इमारत अर्धी बांधून पडली होती. वरच्या एका मजल्यावर, जिथे भिंती अजून यायच्या होत्या, तिथे दुपारच्या उन्हात त्यांनी रेनॉल्डला आणलं. बाजारात मासळी पोचवून परत येताना त्याची बाइक आडवी पाडली होती, त्यामुळे कोपर सोललेलं आणि कपाळ फुटलेलं होतंच. जितेंद्रने त्याला पाठीमागून आवळलं. रेनॉल्डने समोर पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर चक्क सुटका झाल्यासारखं उमटलं.

"पराग, तू हाय? सांग यांना मी कोन हाय तो."

परागने फोन वर धरला. रेनॉल्डला काय समजायचं ते समजलं.

उत्तमने पहिला पाइप गुडघ्यावर घातला, दुसराही तिथेच. रेनॉल्ड ओरडला नाही, दातांवर दात दाबून हुंकारला, आणि ते उत्तमला मुळीच आवडलं नाही. त्याने पाइपचं टोक पोटात खुपसलं. जितेंद्रने आपल्या दातांची आठवण म्हणून मागून त्याचा कान पिळून धरला, इतका की कानाच्या मुळाशी रक्त आलं. मग बरगड्या. मग एक खांदा, जो एका फटक्यात खाली लोंबायला लागला. आता पाइप डोक्याच्या उंचीवर गेला. परागने बटण दाबलं आणि सवयीने म्हणाला, "भाई, मेमरी फुल."

उत्तमने तो फटका मारलाच. तो गालफडावर बसला आणि रेनॉल्डच्या तोंडातून रक्ताबरोबर एक दात बाहेर पडला. मग उत्तम परागजवळ आला, पँटला हात पुसला आणि फोन मागून घेतला. कॅमेरा चालू करून त्याने स्क्रीनच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"किती टाइम बाकी आहे ते हा इकडे लिहितो. दुकानवाल्याने दाखवलं मला."

कोपऱ्यात तासांचा आकडा होता.

उत्तम रागावला नाही. एकेक जुनी क्लिप त्याच्या डोळ्यांपुढून जात असावी, कारण त्याने एवढंच विचारलं, वरसाव्याला पण फुल झाली नव्हती काय? पराग म्हणाला, ती खरंच झाली होती. तो आयुष्यात इतकं खरं आणि इतकं निरुपयोगी वाक्य दुसरं बोलला नसेल. उत्तमने पाइप त्याच्या हातात दिला.

"आज तू हीरो. मी काढतो."

पाइप हातात घ्यायला पराग नाही म्हणाला नाही. मनात तो म्हणत होता की हळू मारू, मांडीवर मारू, नाटक करू. त्याने मांडीवर एक फटका दिला. कॅमेऱ्यामागून उत्तम म्हणाला की आवाज आला नाही, परत घे. परागने परत मारलं, थोडं जोरात. रेनॉल्डने सुजलेला डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं. परागला वाटलं, आता हा दया मागेल, गयावया करेल, आणि मग आपल्याला डोळ्यांनीच त्याला सांगता येईल की घाबरू नको, मी आहे.

रेनॉल्ड तोंडातलं रक्त गिळून म्हणाला, "तू पयल्यापासनं यांचाच हाय."

शिवी दिली असती तरी चाललं असतं. परागच्या कानशिलात रक्त उसळलं. ज्यांना आपण वाचवलं ते सगळे त्याला आठवले, त्यांच्यातल्या एकानेही कधी आभार मानले नव्हते, एकालाही कळलं नव्हतं, आणि हा, ह्याच्या घरचे बोंबील खाल्ले म्हणून आपण इथे उभे राहिलो, हा आपल्याला ह्यांचा म्हणतो. त्याने पाइप दोन्ही हातांनी धरला. "मी वाचवत होतो," तो म्हणाला आणि मारलं. बरगडी मोडल्याचं त्याच्या मनगटाला कळलं. "तुला वाचवायला आलो होतो," म्हणाला आणि लोंबणाऱ्या खांद्यावरच मारलं. रेनॉल्ड आता ओरडत होता, शब्द नसलेलं काहीतरी, आणि त्या ओरडण्याने परागला थांबावंसं वाटण्याऐवजी आणखी चेव चढत होता. जितेंद्रच्या हातातून रेनॉल्ड सुटून खाली कोसळला. पराग त्याच्याबरोबर खाली वाकला. तोंडावर मारलं. तोंड झाकायला आलेल्या हातावर मारलं, बोटं वाकडी होऊन बाजूला पडली, मग पुन्हा तोंडावर. कितीतरी लोकांना वाचवलंय मी, असं तो एकेका फटक्याबरोबर सांगत होता. ऐकणाऱ्याचं ऐकणं केव्हाच थांबलं होतं.

उत्तमने केव्हा तरी शूटिंग बंद केलं होतं. बस म्हणून त्याने दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्याचा आवाज चिरकला.

"पराग, बस. मरेल तो."

मग त्यानेच फोन टाकून परागच्या कमरेला मिठी मारली आणि जितेंद्रने पाइपचा हात धरला. दोघांनी मिळून त्याला मागे ओढलं. खाली सिमेंटवर रेनॉल्डच्या नाकातोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते, म्हणजे श्वास अजून चालू होता. उत्तम धापा टाकत होता. इतक्या वर्षांत इतकी माणसं झोडली, पण त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसली ती आज.

"सोडा मला," पराग म्हणाला. आवाज अगदी साधा होता, ऑफिसात कुणाला फाइल मागावी तसा. ते ऐकून जितेंद्रने त्याचा हात आणखी घट्ट धरला.