एका चित्राला एक दाढ

चित्रकाराच्या घरात खोल्या दोन आणि खिडकी एक. खिडकीची खोली अर्थातच कलेला दिलेली होती. तिथे पाच फूट बाय चार फुटांचा कोरा कॅनव्हास भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्यासमोर स्टुलावर चित्रकार प्रेरणेची वाट बघत बसायचा. दोन वर्षं झाली, बसलाच होता. प्रेरणा म्हणजे काही गॅसचा सिलिंडर नव्हे, आज नोंदवला की चार दिवसांनी दारात यायला, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

आतल्या खोलीत, बल्बच्या उजेडात, बायको शिलाई मशीन चालवायची. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, पडद्यांना कडा घालायच्या, डॉक्टरांचे पांढरे कोट शिवायचे. घर त्या शिलाईवर चाललं होतं.

एकदा एक गृहस्थ हॉलसाठी सूर्यास्त मागायला आले. सोफ्याच्या वरच्या जागेचं माप त्यांनी कागदावर लिहून आणलं होतं. चित्रकारानं त्यांना दारातूनच वाटेला लावलं.

"मापं घेऊन चित्रं मागतात! ऑर्डरी घ्यायला मी काय शिंपी आहे का?"

आत मशीन क्षणभर थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. दोन वर्षांत बायकोनं तोंडातून ब्र काढला नव्हता, आणि हिला कलेची कदर आहे असं तो मित्रांना मोठ्या अभिमानानं सांगायचा. खरं सांगायचं तर काम करताना तिच्या ओठांत सदान्‌कदा पाच-सात टाचण्या धरलेल्या असायच्या. तोंडात टाचण्या असल्या की कोणालाही कलेची कदर करता येते.

प्रेरणा राहिली बाजूला, एका सकाळी चित्रकाराची दाढ ठणकायला लागली. दुपारपर्यंत गाल सुजला. तो घरभर गाल धरून फिरला, मग लवंग धरली, मग नशिबाला बोल लावला. शेवटी बायको त्याला ज्यांचे कोट शिवायची त्या दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"दाढ वाचेल," डॉक्टर म्हणाले. "तीन सिटिंग लागतील. पैसे नका देऊ, चित्र द्या. माझ्या बाहेरच्या खोलीची भिंत रिकामी आहे. पेशंट एकमेकांचे सुजलेले गाल बघतात आणि निम्मे न दाखवताच पळतात. मला हसरी माणसं हवीत. ओळीनं बसलेली, दात दिसतील अशी."

"मी ऑर्डरवर कधीच..." चित्रकारानं तोंड उघडलं, दाढेला वारा लागला आणि त्याला ब्रह्मांड आठवलं. "किती माणसं?" त्यानं विचारलं.

"सात. एका चित्राला एक दाढ. पण तुमचं एक सिटिंग झालं की माझं एक. कलावंतांचा मला अनुभव आहे."

कॅनव्हास दवाखान्यात गेला. पुढून चित्रकार, मागून बायको, आणि रंगांची पिशवीही तिच्याच खांद्याला. तिथे चार-चार तास नुसतं बसणं तिला जमणारं नव्हतं, म्हणून ती शिवण सोबत आणायची आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर कोटांना काजं करत बसायची.

पहिल्या सिटिंगला चित्रकारानं खुर्च्यांची एक रेघ ओढली. डॉक्टरांनी रेघ पाहिली आणि रेघेच्या तोलाचं काम केलं: दाढ साफ केली आणि वर तात्पुरतं सिमेंट भरलं. पुढचे पाच दिवस चित्रकार रेघेकडे बघत प्रेरणेची वाट पाहत राहिला. पेशंट येता-जाता सल्ले देत होते. एका आजोबांना रेघ डावीकडे उतरलेली वाटत होती. एका बाईंना तिथे रेघेऐवजी ससे हवे होते.

सहाव्या दिवशी सिमेंट निघालं.

मग मात्र काय विचारता! डोळ्यांपुढे काजवे चमकत असताना त्यानं ब्रश उचलला आणि समोर जे होतं ते काढत सुटला. आजोबा, ससेवाल्या बाई, गालाला रुमाल बांधलेला ड्रायव्हर, घड्याळाकडे बघणारा मास्तर. सात खुर्च्या, सात माणसं. विचार करायला त्याला उसंतच नव्हती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं चित्र चांगलं झालं.

"सुरेख," डॉक्टर दुसऱ्या सिटिंगला म्हणाले. "पण ही माणसं रडवेली आहेत. मला हसरी हवीत."

"ते सत्य आहे, डॉक्टर. सत्यात मी ढवळाढवळ करत नाही."

"बरं. मग कॅप कधीतरी नंतर बसवू."

तत्त्व सोडायला चित्रकाराला दीड मिनिट लागलं. दोन दिवसांत सहा माणसं बत्तिशी दाखवून हसायला लागली.

कॅप बसवायच्या दिवशी डॉक्टर चित्रासमोर उभे राहिले. "आणि ही सातवी? या वहिनी का हसत नाहीत?"

"तिच्या ओठांत टाचण्या आहेत," चित्रकार म्हणाला. "हसेल कशी?" बाकीच्यांना दात लावताना त्याचा हात अडला नव्हता. इथे अडला होता. का, ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

डॉक्टर चष्मा सरकवून जवळ गेले. "टाचण्या सगळ्या डावीकडे. मान अशी कललेली. आणि उजवा गाल किती आत गेलाय बघा!" ते कोपऱ्याकडे वळले. "वहिनी, जेवताना उजवीकडे चावता का?"

बायकोनं एकेक टाचणी काढून बाहीला टोचली. "नाही."

"पाणी?"

"थंड असेल तर डावीकडून."

"कधीपासून?"

"झाली दोन वर्षं. तेव्हाच दाखवणार होते. पैसेही बाजूला काढले होते. मग यांचा मोठा कॅनव्हास घ्यायचा ठरला." तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं.

चित्रकार चित्राकडे बघत राहिला. गालाचा तो खळगा त्यानंच रंगवला होता, तीनदा सावली गडद केली होती, आणि हे दुखणं आहे हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याला अतोनात लाज वाटली. लपवायला चेहऱ्यावर सूजसुद्धा उरली नव्हती.

"आधी हिची बघा," तो म्हणाला. "माझी कॅप राहू द्या."

"अहो, राहू दे," बायको म्हणाली. "मला सवय झालीय."

"कॅप राहिली तरी या चित्राच्या बदल्यातली दाढ झालेली आहे," डॉक्टर म्हणाले. "हिशेब एका चित्राला एक दाढ असा होता."

"तुमच्या खुर्चीच्या वरचं छत रिकामं आहे," चित्रकार म्हणाला. "पेशंट आ करून तासभर तिकडेच बघतो. तिथे काय काढू सांगा. सूर्यास्त हवा तर सूर्यास्त. ससे हवे तर ससे." मग बायकोकडे हात केला. "तुझी टेप दे. माप घेतो."

तिनं गळ्यातली टेप काढून दिली. डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं, पाठ मागे केली, दिवा लावला. बाजूला स्टुलावर चढून चित्रकार छत मोजायला लागला. टेप त्यानं उलटी धरली होती आणि सगळी मापं चुकणार होती. हे तिला खालून स्पष्ट दिसत होतं. पण तोंडात डॉक्टरांचा आरसा होता, त्यामुळे याही वेळी ती काही बोलली नाही.