पलीकडे माणूस नव्हता

मित्रांनो, कसबा पेठेतल्या मंदाकिनीबाईंच्या घरचा मी जुना, लाल टेलिफोन. सात वर्षं नंबर लावून त्यांच्या यजमानांनी, श्यामसुंदररावांनी, मला घरी आणलं, तेव्हा साऱ्या आळीत पेढे वाटले होते. त्यांची मुलगी सुनीती पास झाल्याचं, शेजारच्या अनंतरावांना नात झाल्याचं, सगळं आधी मला कळायचं. घंटी वाजली की बाई हात पुसत धावत यायच्या.

एके दुपारी मात्र भलताच गोड आवाज आला. "अभिनंदन! आपली निवड झाली आहे!"

"कशासाठी? आपण कोण?" बाईंनी विचारलं.

आवाज थांबलाच नाही. बाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी दटावून पुन्हा विचारलं. पण पलीकडे माणूस नव्हताच, नुसतं यंत्र होतं.

मग रोज तेच. ऐन जेवताना, पूजेला बसताना, दुपारी डोळा लागताना. बाई माझ्याकडे संशयानं पाहू लागल्या. खरं सांगतो, माझाही माझ्या घंटीवरचा विश्वास उडाला.

एका सकाळी श्यामसुंदररावांच्या छातीत कळ आली. नेमका तेव्हाच मी वाजलो. "अभिनंदन!" बाईंनी रिसीव्हर आदळला आणि डॉक्टरांना फोन लावायला पुन्हा उचलला. आवाज चालूच! पलीकडून फोन ठेवल्याशिवाय लाइन मोकळी होत नसे.

"अहो, ठेवा हो! इथे माझा माणूस जातोय!"

"अधिक माहितीसाठी एक दाबा," आवाज म्हणाला.

बाई अनवाणी धावल्या. अनंतरावांनी रिक्षा आणली. श्यामसुंदरराव वाचले, पण थोडक्यात.

ते घरी आल्यावर बाई टेलिफोन कचेरीत गेल्या. तिथले साहेब म्हणाले, "उचलू नका."

"घर माझं, फोन माझा आणि हात मीच आवरायचा? मग आपण इथे कशाला बसलाय?"

बाईंनी घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा श्यामसुंदरराव आजारपणानंतर पहिल्यांदा हसले. मग बाईंनी घरोघरी फिरून त्रेसष्ट सह्या जमवल्या, अर्जावर अर्ज केले. चौथ्या महिन्यात तो आवाज बंद झाला.

तरी अजून बाई मला उचलून 'हॅलो' म्हणत नाहीत. गप्प राहून कानोसा घेतात. परवा सुनीतीचा फोन आला. तिलाच शेवटी म्हणावं लागलं, "आई, मी आहे गं, खरी!"

मित्रांनो, माझी घंटी म्हणजे घराच्या दाराची कडी. ती यंत्राच्या हाती देऊ नका. कुणाच्या घरी फोन करायचा असेल तर स्वतः बोला, आणि नको म्हटलं की लगेच लाइन सोडा. आत कुणाला तरी त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवायचं असेल.